हरिश्चंद्र मेस्त्री आणि कासवाची होडी

हरिश्चंद्र मेस्त्री,

तुम्हाला मायना काय लिहायचा हा प्रश्नच आहे. अकरा वर्षं मी तुम्हाला 'मेस्त्री' म्हटलं आणि तुम्ही मला 'बाई' म्हटलंत, तेवढं पुरे. येत्या ज्येष्ठात तुम्हाला जाऊन वर्ष होईल. गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याचा प्रकार मला मुळीच पसंत नाही. पण तुमच्याबद्दल एक गोष्ट मनात तशीच ठेवली आहे आणि ती मला आता कुठेतरी उतरवून टाकायची आहे.

गावात तुमच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक, की भाट्याच्या खाडीवर तुमच्यासारख्या होड्या कुणी बांधल्या नाहीत. दुसरी, की म्हातारपणी तुम्हाला टीव्हीवरच्या पोरांच्या कार्टूनचं वेड लागलं आणि त्या नादात तुम्ही एक नवीकोरी होडी आडवी पाडलीत. पहिली खरी आहे. दुसरी तुम्ही स्वतः पसरवलीत, आणि ती खोटी आहे हे तुमच्यानंतर एकट्या मला ठाऊक आहे. ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांनाही कळायला हवं, म्हणून इथून पुढे तुम्हाला 'ते' म्हणते. रागावू नका.

तर मेस्त्री. उंच, काटकुळे, पुढचे दोन दात गेलेले, अंगात बंडी आणि कमरेला अर्धी खाकी चड्डी. नवव्या वर्षी बापानं त्यांना चौथीतून काढलं आणि फळ्यांच्या फटीत कापूस ठासायला बसवलं. तेव्हापासून साठी उलटेपर्यंत ते खाडीकाठच्या त्याच माडाखाली बसून होड्या बांधत आणि मोडलेल्या दुरुस्त करत होते. समुद्रावर मात्र ते कधी गेले नाहीत. नवीन होडी पाण्यात लोटली की तिच्यातून खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि दुसऱ्या होडीतून परत यायचं, एवढाच त्यांचा दर्यावरचा प्रवास.

मी मुंबईला राहून बी.ए. झाले आणि मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर पुतण्यानं टीव्ही आणून दिला. रत्नागिरीत चित्र दिसायला लागलं त्या पहिल्या वर्षातली ही गोष्ट, पंच्याऐंशी सालची. आमच्या आळीत दुसरा टीव्ही नव्हता, त्यामुळे रविवारी सकाळी माझ्या ओटीवर दहाबारा पोरं येऊन बसायची. पायताणांचा ढीग, शेंबूड, भांडणं, सगळं मला सोसावं लागे. दहा वाजता एक परदेशी कार्टून लागायचं. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून पोरांनी त्याला 'कासवाची होडी' म्हणायला सुरुवात केली. एक म्हातारं कासव, एक बकरी आणि डोळ्यांनी अधू असलेला एक बगळा लहानशा शिडाच्या होडीतून बेटाबेटांवर टपाल पोचवतात. बकरी स्वयंपाक करते, बगळा डोलकाठीवर बसून नको त्या दिशेला पंख दाखवतो, आणि दर वेळी टपाल कसंबसं पोचतं. अर्ध्या तासाचा खेळ. बोलणं सगळं इंग्रजीत, म्हणजे पोरांना ते मराठीत सांगण्याचं काम माझ्याकडे.

मेस्त्री रविवारी पहिल्यांदा आले ते माझ्या दाराची चौकट बघायला. पावसानं ती फुगली होती. हातात लाकूड तासायची वाकस, कानावर पेन्सिल. चौकट बघता बघता त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि ते उभेच राहिले.

"शीड चुकलंय," म्हणाले.

"काय?"

"वारा ह्या बाजूनं आनि शीड त्या बाजूला भरलंय. अशी होडी तिथंच फिरत ऱ्हाईल, बाई. ज्यानं काढलंय त्याला शीड ठाव नाय."

"मेस्त्री, ते पोरांसाठी आहे. चौकट बघा."

त्यांनी चौकट बघितली नाही. पुढच्या रविवारी पावणेदहाला आले आणि म्हणाले, "चौकट तासायची ऱ्हायली होती." वाकस आणली नव्हती. पोरं खुदखुदली. मी त्यांना पाट दिला. चौकट पुढे तीन महिने फुगलेलीच राहिली.

मोठी माणसं पोरांचे कार्यक्रम का बघतात, यावर लोक काहीबाही बोलतात. बालपण परत येतं म्हणतात. मला ते पटत नाही. मेस्त्रींना परत यायला बालपण होतंच कुठे? नवव्या वर्षी डांबराच्या डब्यापाशी बसलेला माणूस. दुसरं म्हणतात, म्हातारा झाला की माणूस पोर होतो. तेही नाही, ते टीव्हीपुढे बसत ते पोरासारखे नव्हेच. पोरं हसायची तेव्हा ते हसत नसत. बगळा पाण्यात पडला की पोरं लोळायची आणि हे म्हणत, "डोलकाठीला पायरी नाय. पडनारच." त्यांचं लक्ष होडीवर. दर भागात चुका काढत. सुकाणू लहान आहे, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फार उंच आहे, बकरीची चूल मधोमध ठेवली तर होडी पेटेल. मी एकदा वैतागून म्हटलं, "एवढं चुकीचं आहे तर येता कशाला?"

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. मग म्हणाले, "शेवट बगितलात?"

शेवट मी अर्थातच कितीतरी वेळा बघितला होता, पण बघितला नव्हता. दर भागाच्या शेवटी होडी धक्क्याला लागते. बकरी आणि बगळा सामान घेऊन निघून जातात. कासव मात्र मागे राहतं. होडीभोवती हळूहळू फिरतं आणि एकेका फळीवर पायानं ठोकून कान लावून ऐकतं. मग दिवा मालवतं. माझ्या दृष्टीनं ती निव्वळ वेळ काढायची जागा होती. पोरं तोवर पायताणं शोधायला उठलेली असत.

"चाळीसबेचाळीस वर्षं झाली, बाई," मेस्त्री म्हणाले. "माज्या हातच्या होड्या वेंगुर्ल्यापासनं हर्णैपर्यंत गेल्या. परत आल्यावर एका तांडेलानं होडी ठोकून बगितलेली मी पायली नाय. मासळी उतरवायची आनि घरी. होडी माज्याकडं येती ती फुटल्यावर. ह्यो एकटाच तांडेल मला गावला."

तेव्हापासून ते कासवाला तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, म्हणत. पोरंही म्हणायला लागली. खरं सांगते, मीसुद्धा तो शेवट बघायला लागले.

त्यांची बायको जनी आमच्याकडे ओले काजू आणि कोकम विकायला यायची. तिला हे बिलकूल मान्य नव्हतं. "तुमी शिकलेल्या बाई, तुमी तरी सांगा. आवं, पोरांच्या मांडीला मांडी लावून बसत्यात! माज्या भावजया मला विचारतात, काय गो जने, तुजा घोव शाळंत जातो म्हनं." मी तिला सांगितलं, दारू पीत नाहीत, पत्ते खेळत नाहीत, अर्धा तास कासव बघतात, तर बघू दे. ती म्हणाली, "दारू प्याले असते तर लोकांना सांगता तरी आलं असतं."

आता मूळ गोष्टीवर येते.

शहाऐंशीच्या मार्गशीर्षात मेस्त्रींनी वेळणेश्वरच्या बाळाशेटची होडी पुरी केली. बाळाशेट म्हणजे नारळ-सुपारीचा व्यापार आणि दोन होड्या असलेला माणूस. मोठा आवाज, मोठं पोट, मनात काही न ठेवणारा. ही त्याची तिसरी होडी, आधीच्या दोन्हींपेक्षा लांब. होडी पाण्यात लोटायची ती मोठ्या भरतीला, म्हणजे पुनवेच्या नाहीतर अमावास्येच्या आगेमागे. भाट्याच्या खाडीला तिथे उतार इतका सपाट आहे, की वीतभर पाणी उतरलं तर दहा हात चिखल उघडा पडतो. त्यामुळे पाणी पुरतं चढून उभं राहतं त्या थोड्या वेळातच होडी गेली पाहिजे.

तो वेळ मेस्त्रीनं काढायचा. हिशेब तिथीवरून करतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पुनव म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्दशीचे साडेदहा. मी तीस वर्षं फळ्यावर चंद्र आणि पृथ्वी काढून मुलींना भरती शिकवली; पण आज खाडीत पाणी किती वाजता चढेल, असं एखादीनं विचारलं असतं तर मी तिला खाली बसवलं असतं. हा हिशेब मला मेस्त्रींनी शिकवला.

आणखी एक रीत होती. लोटायचा दिवस सगळ्यांना सांगायचा, वेळ कुणाला सांगायची नाही. वेळ आधी बोलून दाखवली तर दृष्ट लागते. मालकानं, माणसांनी सकाळपासून येऊन बसायचं आणि मेस्त्री उठेल तेव्हा उठायचं. होडीखालची शेवटची पाचरही मेस्त्रीनंच काढायची. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागत नाही.

बाळाशेट दिवस विचारायला आला तो रविवारी, माझ्याच ओटीवर, कासव दिवा मालवत असताना. मेस्त्री माडाखालच्या यार्डात नाहीत म्हणून कुणीतरी त्याला इकडे पाठवलं होतं. पोरांच्या घोळक्यात बसलेल्या मेस्त्रींना बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"काय मेस्त्री! आमची होडी तिकडं उन्हात नि तुम्ही इकडं बकरी बघताय?"

"तुमची होडी झाली, शेट. आता ती तुमची वाट बगते."

"मग कधी लोटूया?"

मेस्त्रींनी बोटांवर मोजलं. "पुढल्या रविवारी."

"रविवारी? कार्टून बुडेल ना तुमचं!" बाळाशेट गडगडाट करून हसला. मेस्त्रीही हसले.

तो गेल्यावर मी सहज म्हटलं, की पुढच्या रविवारी तुम्ही यायचं नाही. त्यांनी हळूच सांगितलं, "येनार. आज अष्टमी. सात दिसांनी पुनव. सव्वाअकराचं पानी. साडेदहाला तांडेलाचं संपतं. दहा मिन्टं चालायला." मला वेळ सांगितली म्हणून स्वतःच जरा चमकले आणि म्हणाले, "तुमी कुनाला बोलू नका." मी कुणाला बोलणार होते? माझ्यापाशी तिथी विचारायला कोण येतं?

एरवी मेस्त्री तिथी रोज सकाळी मोजत. उठले की आधी तिथी, मग चूळ. ही सवय त्यांना बापानं लावली होती. पण गेलं वर्षभर त्यांचा आठवडा रविवार ते रविवार झाला होता. गेल्या भागात कासवाच्या होडीचं सुकाणू तुटून गेलं होतं आणि टपाल अर्ध्यावर होतं. आठवडाभर मेस्त्रींच्या डोक्यात तेच. यार्डात माणसांना विचारत, सुकाणू नसलं तर वल्ह्यावर होडी कशी आणशील? तिथी रोज मोजायची ती मोजली नाही. रविवारी पुनव, हे एकदा ठरवलं आणि सोडून दिलं.

त्या पंधरवड्यात दशमी दोन दिवस होती.

रविवारी दहाला पाच कमी असताना मेस्त्री आले. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, कपाळाला गंध. यार्डात सगळी तयारी करून आले होते. नारळ जनीपाशी दिला होता, माणसं बसली होती. मी म्हटलं, "मेस्त्री, आज तरी नको होतं. मी सांगितलं असतं तुम्हाला काय झालं ते."

"तुमी गोष्ट सांगाल, बाई. सुकानू कसं बसवलं ते तुमाला सांगता यायचं नाय."

यात तथ्य होतं. मी पाट पुढे सरकवला.

दहा वाजून वीस मिनिटं झाली असतील. कासव एका पडक्या दाराची फळी घेऊन तिचं सुकाणू करत होतं आणि मेस्त्री पाटावरून पुढे सरकले होते. तेवढ्यात जनी ओटीवर चढली. पदर खोचलेला, श्वास लागलेला.

"आवं, उठा! पानी उभं ऱ्हायला आलं नि तुमी हितं बसल्याव!"

"खुळी काय गो तू? अजून पाऊन तास हाय."

"कसला पाऊन तास? मी काय आंधळी हाय? पानी भरतीच्या खुंटाला लागलं! सगळी मान्सं तुमची वाट बगतायत. रावजी म्हनाला, मेस्त्री खंय... म्हटलं, कुठं असनार!"

"आज पुनव," मेस्त्री म्हणाले.

"पुनव उद्या! माजा एकादशीचा उपास गुरवारी झाला. तुमाला वरीचा भात वाडला तो इसरलाव?"

मेस्त्रींची मान माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. ते उठून जवळ गेले. बोट मागच्या रविवारवर ठेवलं आणि एकेक चौकोन पुढे सरकवत आणलं. दशमीवर एकदा थांबले, पुढच्या चौकोनात परत दशमी, तिथे पुन्हा थांबले. रविवारच्या चौकोनात चतुर्दशी होती. साडेदहाचं पाणी. जनी तोवर पायऱ्या उतरून गेलीसुद्धा होती. तिनं हे पाहिलं नाही. पोरांनी तर टीव्हीवरची नजर हलवली नव्हती. मी पाहिलं. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, आणि चपला न घालताच गेले.

मी टीव्ही पोरांवर सोडला आणि मागोमाग निघाले.

खाडीवर पोचले तेव्हा पाणी भरलेलं, अगदी स्थिर. बाळाशेट, त्याची आई, घरातल्या बाया, दहाबारा माणसं. होडी रंगवलेली, नाळेला झेंडूची माळ. बाळाशेट पुढे आला. तो हसत नव्हता.

"मेस्त्री, कुठं होतात?"

इथे त्यांना खरं सांगता आलं असतं. तिथी चुकली, आज नको, उद्या पुनवेचं पाणी आणखी मोठं आहे, उद्या सव्वाअकराला लोटू. कुणाचं काही बिघडलं नसतं. मी तेच ऐकायला उभी होते.

"टीव्ही बगत होतो," मेस्त्री म्हणाले. "वेळेचं भान ऱ्हायलं नाय."

 मग कुणीतरी फिसकन हसलं.

पूजा टाळता येत नाही. बाळाशेटच्या आईनं नाळेला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, तिनं होडीला पाच प्रदक्षिणा घातल्या. म्हातारीचे गुडघे दुखत होते, तिला घाई कोण करणार? तोवर खुंटावरचं पाणी चार बोटं, मग वीतभर उतरलं. मेस्त्रींच्या हाताखालचा जुना माणूस रावजी त्यांच्या कानाशी लागला. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

"मेस्त्री, पानी फिरलं. उद्याच्या पान्यावर घेऊया."

"उद्या कशाला? जाते ती." आणि त्यांनी वाकून पाचर काढली. "लोटा!"

होडी ओंडक्यांवरून सुरेख घसरली. नाळ पाण्यात गेली, मधला भाग गेला, आणि मागचा भाग चिखलात रुतला. माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून ओढत होती, हाका घालत होती. ती हलली नाही. पाणी खालून निघून जायला लागलं तशी ती हळूहळू कलली. टेकू लावायला माणसं धावली, पण चिखलात टेकू बसेना. पाऊण वाजता ती कुशीवर आडवी झाली. दोन फळ्या फुटल्या, त्याचा आवाज वर रस्त्यापर्यंत ऐकू आला.

मेस्त्रींनी पदरचं लाकूड घालून पंधरा दिवसांत ती दुरुस्त केली आणि अमावास्येला लोटली. काही न होता गेली. बाळाशेट काही फार वाईट बोलला नाही. पण गोष्ट त्यानं सगळीकडे सांगितली, आणि गोष्ट होतीच तशी. मेस्त्री कासवाचं कार्टून बघत बसला आणि होडी आडवी झाली. यार्डात माणसं थट्टा करत, "मेस्त्री, मुहूर्त रविवार सोडून काढा हां." मेस्त्री त्यांच्याबरोबर हसत.

पुढच्याच रविवारी माझी ओटी रिकामी. शेजारच्या गंगाला विचारलं, तिची तीन पोरं यायची.

"नाय येनार ती आता," गंगा म्हणाली. "अपशकुनी हाय ती होडी. म्हाताऱ्या मान्साची अक्कल गेली, माज्या पोरांचं काय व्हईल?"

"गंगा, ते कार्टून आहे. कागदावर काढलेलं."

"तुमचं बरोबर हाय, बाई. पन नको."

सगळ्या आळीनं तसंच केलं. पोरं रविवारी माझ्या फाटकापर्यंत येत आणि हाक आली की परत जात. मेस्त्री मात्र आले. नेहमीच्या वेळी, पाटावर. त्या दिवसापासून पोरांचा तो कार्यक्रम आम्ही दोघंच बघायचो, मी बासष्ट वर्षांची आणि ते माझ्याच आगेमागचे. मराठीत सांगायचं तर कुणाला, म्हणून मी त्यांनाच सांगायचे. चुका काढणं त्यांनी थांबवलं होतं.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी विचारलंच. "खरं का सांगितलं नाहीत?"

"काय खरं?"

"मी कॅलेंडरसमोर उभी होते, मेस्त्री. मला शिकवू नका."

ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "टीव्ही बगनाऱ्या मेस्त्रीला लोक होडी देतील, बाई. हसतील, पन देतील. दारू पिनाऱ्यालासुदा देतात. तिथी चुकनाऱ्याला कोन देनार?"

 त्यांचा हिशेब बरोबरच होता. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे दोन होड्या आल्या, एक तर थेट हर्णैच्या माणसाची. ठरवताना दोन्ही मालक कासवावरून हसले आणि दोन्ही मालकांनी दिवस त्यांनाच काढायला सांगितला.

सत्त्याऐंशीच्या शिमग्याच्या सुमारास कार्टून संपलं. शेवटच्या भागातही कासवानं होडी ठोकून बघितली आणि दिवा मालवला. त्यानंतर त्या वेळेला दुसरंच काही लागायला लागलं. मेस्त्री एकदोन रविवार येऊन बसले आणि मग आले नाहीत. दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एका सकाळी वाकस पायावर पडली, त्या दिवशी त्यांनी काम सोडलं.

अठ्ठ्याऐंशीच्या माघात ते आले, काठी घेऊन. माझ्या दाराच्या चौकटीवरून त्यांनी हात फिरवला, बसले, आणि म्हणाले, "बाई, तुमी शिवरात्रीला वेळनेश्वरला जानार ना?"

"जाणार. का?"

"बाळाशेटला एक निरोप द्यायचा. त्या दिशी तिथी माजी चुकली, असं सांगा. टीव्हीचा काय दोष नव्हता."

"आता? सव्वा वर्षानं? गेलं ते."

"आता माज्याकडं कोन होडी घेऊन येनार नाय. आता खरं कळलं तरी चालेल. पन ती पोरं, बाई... गंगीची धाकटी मला परवा विचारते, आजोबा, तांडेलाचं पुढं काय झालं वो? तिला बगूच दिलं नाय. आनि मी तांडेलाचं नाव घेतलं नि मोकळा झालो. त्यानं माजं काय वाईट केलं होतं?"

"मेस्त्री, ते चित्र आहे. चित्राची बदनामी होत नाही."

"तुमी सांगा म्हनजे झालं. मी सांगितलं तर म्हनतील, म्हातारा टीव्हीची बाजू घेतो. तुमी मास्तरीनबाई. तुमचं बाळाशेट खरं मानील, आनि त्याच्या तोंडात गेलं की गंगीच्या घरी पोचायला आठ दीस लागायचे नायत."

मी हो म्हटलं.

शिवरात्रीला गेले. एस.टी.नं जयगड, तिथून तरीनं खाडी ओलांडून तवसाळ, पुढे पुन्हा एस.टी. देवळात दर्शन घेतलं आणि बाळाशेटच्या घरी गेले. त्यानं आनंदानं बसवलं, शहाळं फोडलं, उपासाचं ताट वाढलं. ओटीवर त्याचे चारपाच पाहुणे होते. मी रत्नागिरीची, मेस्त्रींच्या शेजारची, असं पाहुण्यांना सांगून त्यानं लगेच ती गोष्ट सुरू केली. बकरी, बगळा, पोरांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मेस्त्री, सगळं हातवारे करून. पाहुणे हसून हसून लोळले. मी ताटावर होते. म्हटलं, याचं संपलं की सांगते.

शेवटी तो डोळे पुसत पाहुण्यांना म्हणाला, "पण एक सांगतो. माणूस खुळा असेल, पाण्याचा हिशेब म्हणाल तर त्याच्याकडून घ्यावा. अख्ख्या जन्मात त्याची तिथी एकदा चुकली नाही. चौथ्या होडीचा दिवस मी त्यालाच विचारणार आहे, हात थरथरेना का. काय बाई, खरं की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "वरीला मीठ जरा कमी आहे."

मीठ आणलं गेलं. पाहुणे होते, पुढे गर्दी वाढली, बसची वेळ झाली. कारणं मला हवी तेवढी देता येतील. मी निघाले.

मेस्त्री, तुम्ही दुसऱ्या दिवशी काठी टेकत आलात आणि विचारलंत, "भेटला बाळाशेट?" मी सांगितलं, घरी नव्हता, गुहागरला गेला होता. ते खोटं होतं. तुम्ही म्हणालात, "मंग पुढल्या खेपेला." मी म्हटलं, हो, पुढच्या खेपेला. चैत्र गेला, वैशाख गेला. वेळणेश्वरला जायला मला तसं दुसरं कामही नव्हतं, आणि एस.टी. रोज सकाळी सातला सुटत होती. ज्येष्ठात तुम्ही गेलात. बाळाशेट तुमच्या दहाव्याला आला होता, माझ्यापासून दोन हातांवर बसला होता, तेव्हाही मी बोलले नाही. तुमचा निरोप अजून माझ्याकडेच आहे.